बोर्गोलेनोवरची दुसरी फेरी

आर्विड लुंडीनच्या ताटात रोज सकाळी एक बीट असायचं. उकडलेलं नाही की चिरलेलं नाही, चांगलं मातीसकट, शेपटीसकट. मेसचा आचारी ते अंड्याच्या भुकटीच्या ऑम्लेटशेजारी इतक्या गंभीर चेहऱ्याने ठेवायचा, जणू डॉक्टरांनीच लिहून दिलंय. सगळा तंबू माना खाली घालून कॉफी प्यायचा आणि खांदे तेवढे हलत असायचे. लुंडीन बीट उचलून कोटाच्या खिशात टाकायचा आणि मुकाट्याने खायला लागायचा. मिनेसोटातल्या गवळ्याचा मुलगा तो, चिडणं त्याच्या घराण्यातच नव्हतं. कान मात्र लाल व्हायचे, आणि तेवढ्यावर बाकीच्यांचा दिवस छान जायचा.

बीटाचं प्रकरण असं होतं. हलक्या बॉम्बर विमानांच्या या दलात प्रत्येक विमानात नेमबाज नसे. काचेचं नाक आणि त्या नाकात पालथा पडून नेम धरणारा माणूस फक्त सगळ्यांत पुढच्या, म्हणजे बिनीच्या विमानात. इथं तो माणूस लुंडीन. मागच्या विमानांचे वैमानिक खाली काय आहे ते बघतच नसत. डोळे बिनीच्या विमानाच्या पोटावर, अंगठा बटणावर. बिनीच्या पोटातून बॉम्ब सुटले की सगळ्यांनी सोडायचे, एवढाच नियम. म्हणजे लुंडीन चुकला की सगळं दल एकदिलाने चुकणार.

सप्टेंबरात तसंच झालं. विमानतळ टस्कनीत, द्राक्षमळ्याच्या कडेला. तिथली एक गांधीलमाशी काचेच्या नाकात शिरली आणि नदीवरचा पूल गाठायच्या ऐन वेळी लुंडीनच्या मानेवर बसली. तो दचकला, अंगठा दाबला गेला. मागच्या सगळ्या विमानांनी इमानदारीत आपापले बॉम्ब सोडले. पूल जागच्या जागी राहिला आणि अलीकडचं बीटाचं शेत असं काही उखडलं गेलं, की शेतकऱ्याला बैल जुंपायची गरज उरली नाही. ओटिस केम्पर नावाचा एक वैमानिक नंतर सगळ्यांसमोर म्हणाला, "खाली बीट दिसत होतं मला. पण म्हटलं, लुंडीनचं काही वैर असेल बीटाशी. आपण कोण विचारणारे."

कर्नल व्हीलन हसले नव्हते. ते एवढंच म्हणाले होते, "एकदा झालं. पुन्हा घाई केलीस तर बॉम्बच्या कोठारावर खुर्ची टाकून देईन तुला."

नोव्हेंबरात एका स्वच्छ सकाळी नकाशावरचा पडदा बाजूला झाला. डोंगर ओलांडून पलीकडच्या सपाटीवरचं बोर्गोलेनो गाव आणि तिथलं रेल्वे यार्ड. जर्मनांचा दारूगोळा, पेट्रोल, सगळं तिथूनच पुढे जायचं. दक्षिणेकडून यायचं, यार्डावर बॉम्ब सोडायचे आणि डावीकडे वळून घरी जेवायला यायचं. सगळे उठले. लुंडीनच्या विमानात मागची मशीनगन सांभाळणारा गनर रेमो झानासी तेवढा बाकावर बसून राहिला.

तो लुंडीनला विमानाच्या पंखाखाली भेटला. रेमो व्हरमॉन्टच्या दगडखाणीतल्या गावचा, आईबाप इटलीहून आलेले. एरवी त्याचं तोंड बंद करायला त्याच्या तोंडात सँडविच कोंबावं लागायचं. आज तो मिनिटभर बुटाच्या टोकाने नुसती माती उकरत राहिला.

"लेफ्टनंट साहेब, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"बोर्गोलेनोत माझी मावशी राहते."

लुंडीनने हातातले मोजे खाली घेतले. "कुठे? यार्डात तर नाही ना?"

"छे, यार्डात कशाला राहील."

"मग बरंय."

"यार्डासमोर राहते."

लुंडीनने विचारलं, "कुठल्या बाजूला?" रेमो म्हणाला, "अलीकडच्या बाजूला. आपण ज्या अंगाने येणार ना, त्याच अंगाला. यार्डाच्या कुंपणाला लागून गल्ली आहे. पिवळं घर, खिडक्यांना हिरव्या झडपा. मी कधी पाहिलेलं नाही. पण आई सांगते, इर्मा मावशीच्या स्वयंपाकघरातून इंजिनवाल्याच्या मिशा मोजता येतात."

"कर्नलना सांगितलंस?"

"सांगून काय होणार? ते म्हणतील, झानासी, आज तू राहा घरी. मग मी इथं बसून आभाळाकडे बघायचं. आणि मावशीमुळे तुमचा हात कचरेल म्हणून तुम्हालाही उतरवलं, तर दुसऱ्या कुणाला तरी बिनीला नेतील. त्याला मावशी आहे हेसुद्धा माहीत नसेल." रेमोने मान वर केली. "तुम्ही फक्त घाई करू नका. एवढंच सांगायला आलो."

नेमकी घाईच. उशीर झाला तर बॉम्ब यार्डापलीकडच्या उघड्या रानात जाणार, एक पापणी लवेल एवढी घाई झाली तर सगळ्या दलाचे बॉम्ब त्या गल्लीत. आणि घाईबद्दल त्याचं नाव आधीच झालेलं होतं, खिशात पुरावा होता.

वैमानिक कॅप्टन हॉलिस ग्रॅनबरी चाकाला टेकून हे सगळं ऐकत होता. जॉर्जियाचा माणूस, बोलणं इतकं संथ की त्याचं वाक्य संपेपर्यंत विमानात पेट्रोल भरून व्हावं. तो म्हणाला, "मावशी स्वभावाला कशी आहे रे?"

"भांडखोर," रेमो म्हणाला. "मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायचं आजीचं तांब्याचं भांडं आई अमेरिकेला घेऊन गेली, म्हणून वीस वर्षं बोलली नाही तिच्याशी."

"मग तिला मारणं आपल्या आवाक्यातलं नाही," कॅप्टन म्हणाला. मग तो लुंडीनकडे वळला आणि त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "हे बघ. यार्डावर येईपर्यंत विमान माझं. तिथून पुढे तुझं. सरळ म्हणालास तर सरळ, वळ म्हणालास तर वळेन. का म्हणून विचारणार नाही. चल, चढ आता. माशा मारायचं पातं घेतलंस का?"

ते पातं मेकॅनिकने सप्टेंबरातच काचेच्या नाकात खिळ्याला टांगून ठेवलं होतं.

डोंगरावरून जाताना ऊन इतकं सुंदर होतं, की लुंडीनला आपण कुठे चाललोय याची लाज वाटली. शिखरांवर पहिलं बर्फ पडलेलं. मागे दलातली विमानं आपापल्या जागी नीट बसलेली, लग्नाला निघालेल्या वऱ्हाडासारखी. डोंगर संपला आणि खाली सपाटी उलगडली. कालवे, पॉप्लरच्या झाडांच्या रांगा, आणि लांबवर रुळांचा तो जुडगा, दोन्ही टोकांना आवळलेला आणि मध्ये पसरलेला.

लुंडीनने नेमयंत्राला डोळा लावला. पोटाची दारं उघडली, विमान थरथरलं. तोफांचे काळे धुरकट गोळे उजवीकडे, बरेच खाली फुटत होते. तोफवाल्यांना अजून उंची सापडली नव्हती.

"पिवळं घर बघताय ना?" कानात रेमोचा आवाज आला.

लुंडीन बघत होता. बोर्गोलेनोत पिवळ्या घरांखेरीज दुसरं घरच नव्हतं. गल्लीच्या गल्ली पिवळी, आणि झडपा सगळ्या हिरव्या.

"रेमो, सगळंच गाव पिवळं आहे."

मग रेमो म्हणाला, "आईने हे नव्हतं सांगितलं."

गल्ली नेमयंत्रात सरकत आली. तिच्यामागे यार्ड यायला हवं होतं. आलं नाही. कुठून तरी ढगाचं एक ठिगळ येऊन नेमकं यार्डावर बसलं होतं. सगळं आभाळ मोकळं आणि हे एवढंच ठिगळ, कुणी हाताने लावावं तसं. लुंडीनला गल्लीची छपरं दिसत होती, वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, आणि त्यापुढे पांढरं. अंदाजाने सोडता आले असते. ढगाखाली यार्ड आहे हे त्याला ठाऊक होतं, कुठवर आहे तेही साधारण ठाऊक होतं. साधारण. अंगठा बटणावर होता आणि अंगठ्याला घाम आला होता.

त्याने अंगठा उचलला.

"कॅप्टन, सोडलेले नाहीत. पुन्हा यायला लागेल."

दुसरी फेरी म्हणजे काय हे दलातल्या स्वयंपाक्यालासुद्धा माहीत होतं. पहिल्या फेरीत तोफवाले उंची शोधतात, दुसऱ्या फेरीत त्यांना ती सापडलेली असते. म्हणून दुसऱ्या फेरीचं नाव काढणाऱ्याशी कुणी पत्ते खेळत नसे. कॅप्टन ग्रॅनबरीने दिलेला शब्द पाळला. का म्हणून विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, "वळतोय," आणि विमान डावीकडे कललं.

रेडिओवर बोलायला बंदी होती. तरीही कुणीतरी बोललं, आणि तो आवाज केम्परचा होता. "लुंडीन, घरी चूल चालू राहिली का?"

मोठा वळसा घेऊन ते परत दक्षिणेकडून आले. या वेळी काळे गोळे बरोबर नाकासमोर फुटत होते, आणि पत्र्यावर कुणीतरी मूठभर खडे मारावेत तसा आवाज येत होता. रेमो मागे त्याच्या आईच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होता, प्रार्थना किंवा शिव्या. लुंडीन फक्त खाली बघत होता. ढगाचं ठिगळ सरकून पलीकडच्या शेतावर गेलं होतं. गल्ली आली. चादरी आल्या. त्याने थांबायचं ठरवलं आणि थांबला. कुंपण आलं. अजून थांबला. पहिला रूळ आला, दुसरा आला, मालगाडीच्या वाघिणींच्या रांगा आल्या, इंजिनांची शेड आली, आणि मग त्याने दाबलं.

मागच्या सगळ्यांनी दाबलं.

यार्डाच्या मधोमध धूर उठला, मग पेट्रोलच्या वाघिणी पेटल्या आणि धुराला खालून नारिंगी रंग चढला. "लागलं," रेमो ओरडला. "लेफ्टनंट साहेब, सगळं यार्डात." मग जरा खालच्या आवाजात, "बहुतेक सगळं."

केम्पर एका इंजिनावर परत आला. त्याची चाकं उतरली नाहीत, म्हणून त्याने विमान पोटावरच उतरवलं आणि द्राक्षमळ्याचं कुंपण घेऊन थांबला. दल श्वास रोखून बघत होतं. झाकण उघडलं, केम्पर बाहेर आला, पंखावर उभा राहून त्याने लुंडीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बाकी सगळी विमानं आली, भोकं पडलेली, पण आली.

कर्नल व्हीलननी लुंडीनला उभं केलं. "सप्टेंबरात तुला घाई होती. आज फुरसत होती. मधलं काही जमतं का तुला?"

"यार्ड दिसत नव्हतं, सर."

"ढगाखालीच होतं ना? पळून गेलं होतं?"

"नाही सर. पण अलीकडे घरं होती."

कर्नल खिडकीकडे वळले. ते काही वाईट माणूस नव्हते, पण केम्परच्या विमानाचं पोट त्यांना खिडकीतून दिसत होतं. "पहिल्याच फेरीत अचूक टाकणारा माणूस हवाय मला," ते म्हणाले. "जा. कॉफी पी."

संध्याकाळी फोटो धुऊन आले. यार्ड ओळखू येत नव्हतं. गल्लीवर मात्र धूर पसरला होता, आणि धुराच्या कडेला, कुंपणाच्या अलीकडे, एक काळा ठिपका होता. तो खड्डा आहे की सावली, हे भिंगातूनही कळेना. रेमो आणि लुंडीनने तो फोटो इतका पाहिला की कागदाचे कोपरे मऊ पडले. फोटोत पिवळं घर सापडत नव्हतं. फोटोत सगळीच घरं करडी होती.

"सावलीच आहे," लुंडीन म्हणायचा.

"सावलीच," रेमो म्हणायचा. मग दोघंही पुन्हा भिंग उचलायचे.

हिवाळाभर आघाडी डोंगरात अडकून पडली. लुंडीनची खुर्ची कोठारावर गेली नाही, तो बिनीलाच राहिला. ताटातलं बीट मात्र चालू राहिलं. रेमो पुन्हा बोलायला लागला होता, फक्त मावशीचं नाव काढत नव्हता. एकदाच, बर्फ पडत असताना, तो म्हणाला, "आईला पत्रात काय लिहू कळत नाही. लिहिलं की मावशीच्या गावावर गेलो होतो, तर विचारेल, कशी आहे."

मग एप्रिलात आघाडी फुटली आणि मेमध्ये युद्धच संपलं. कॅप्टन ग्रॅनबरीने कुठून तरी जीप मिळवली. कुठून, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तिघं डोंगर ओलांडून खाली उतरले. सपाटीवर मक्याची कोवळी पानं वर आली होती. बोर्गोलेनो जवळ यायला लागलं तसा लुंडीन पिवळी घरं मोजायला लागला. रेमो एकसारखी टोपी काढत होता आणि घालत होता.

यार्ड अजून वाकड्या रुळांचं जंगल होतं. कॅप्टनने जीप कुंपणाशी थांबवली. कुंपणाच्या अलीकडे एक खड्डा होता, पाण्याने भरलेला, त्यात बदकं पोहत होती. म्हणजे ती सावली नव्हती. खड्ड्याच्या अलीकडे कोंबड्यांचं मोडकं खुराडं, आणि त्याच्या अलीकडे रेमोच्या खिशातल्या पत्त्यावरचं पिवळं घर. एकाही खिडकीला काच नव्हती, सगळीकडे पुठ्ठे ठोकलेले. पण भिंती उभ्या होत्या आणि झडपा हिरव्या होत्या.

दारात एक ठेंगणी, रुंद बाई मटार सोलत बसली होती. रेमो जीपमधून उतरला, तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने टोपी काढून हातात धरली. बाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "नाक तर तुझ्या आईचं, आमच्या लिदियाचं आहे," ती म्हणाली. "भांडं आणलंस का?"

"नाही मावशी."

"मग कशाला आलास?" असं म्हणून तिने मटाराचं पातेलं बाजूला ठेवलं, त्याची मान दोन्ही हातांनी खाली ओढली आणि धाय मोकलून रडायला लागली.

जेवायला बसल्यावर इर्मा मावशीला थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. ती पाच वाक्यं बोलायची आणि रेमो कॅप्टनला आणि लुंडीनला त्यातलं एक सांगायचा. खिडक्यांचं सांगून झालं, कोंबड्यांचं सांगून झालं. रेमोने घसा साफ केला. "मावशी, नोव्हेंबरात यार्डावर बॉम्ब पडले, तेव्हा तू घरातच होतीस ना?"

"घरात? घरात कशाला असेन? यार्डात होते."

रेमोने त्याचं भाषांतर केलंच नाही. लुंडीनने त्याला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली?"

"अरे, विमानं आल्याचा भोंगा झाला की जर्मन पहारेकरी तळघरात पळायचे," मावशी सांगत होती. "ते पळाले की गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका कुंपणाखालून आत. कोळशाच्या वाघिणी उघड्याच असायच्या. विमानं काय, रोज वरून जायची, दुसऱ्याच गावाला. भोंगा म्हणजे आमच्यासाठी कोळशाची वेळ. त्या दिवशी आभाळात ढग आलेला, आणि ढगावर अशी घरघर, की वाघीण हलायला लागली. मी म्हटलं, इर्मा, आज आपल्याच गावाला आलेत. पळायला पाय उचलेनात. शेजारच्या बेप्पिनाने माझा हात धरला, मी तिचा. डोळे मिटले." ती थांबली आणि तिने हवेत हात उडवला. "आणि काही पडलंच नाही. गेली निघून. बेप्पिना म्हणते, विसरले वाटतं बॉम्ब आणायला. हसत हसत पोती उचलली आणि सगळ्या पळालो घरी. मी जिन्यात होते, तेवढ्यात विमानं परत आली. मग जे झालं ते तुम्ही बाहेर बघितलंच. आमची पोरंबाळं त्या पोत्यांवर फेब्रुवारीपर्यंत ऊब घेत होती."

रेमोने या सगळ्याचं भाषांतर केलं, एकही वाक्य न गाळता, हळूहळू. कॅप्टन ग्रॅनबरी जेवायचा थांबला. लुंडीन समोरच्या भिंतीकडे बघत होता. पहिल्याच फेरीत अचूक टाकणारा माणूस कर्नलना हवा होता. तसा माणूस त्या दिवशी त्या काचेत असता, तर आज या टेबलापाशी कुणी नसतं. घराला जपायला म्हणून त्याने अंगठा उचलला होता, आणि घर तर रिकामं होतं.

"मावशी," रेमो म्हणाला, "त्या दिवशी बॉम्ब न टाकता जो पुढे गेला ना, तो हा."

इर्मा मावशी उठली. टेबलाला वळसा घालून लुंडीनपाशी आली. तिने त्याच्या गालावर एक सणसणीत थप्पड ठेवून दिली. "ही माझ्या कोंबड्यांसाठी," ती म्हणाली. मग त्याच गालाचा मुका घेतला, दुसऱ्याचाही घेतला, डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात गेली. गेले सहा महिने आत दाबून ठेवलेलं सगळं लुंडीनच्या डोळ्यांतून वाहायला लागलं, आणि त्याने ते पुसायचाही प्रयत्न केला नाही.

मावशी परत आली ती मोठी ताटली घेऊन. घरातलं सगळ्यात चांगलं, पाहुण्यासाठी राखून ठेवलेलं. तिने ती लुंडीनपुढे ठेवली. लालभडक बीट, पातळ चकत्या केलेलं, कांदा आणि व्हिनेगर घालून.

कॅप्टन ग्रॅनबरीने एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा लुंडीनकडे, आणि घाईघाईने उठून दाराबाहेर गेला. आयुष्यात त्याने घाईने केलेली ती पहिलीच गोष्ट असावी. बाहेरून बदकं दचकून ओरडल्याचा आवाज आला.

लुंडीनने काटा उचलला. एक चकती खाल्ली, मग दुसरी. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हनुवटी लाल झाली होती.

"हा असा का रडतोय?" इर्मा मावशीने काळजीने विचारलं. "व्हिनेगर जास्त झालं का?"

"नाही मावशी," रेमो म्हणाला. "त्याला बीट फार आवडतं."

"मग आधी सांगायचं नाही का," मावशी म्हणाली, आणि तिने ताटली पुन्हा काठोकाठ भरली.